चाकाआधी हात

संत गोरोबाकाकांच्या प्रसिद्ध कथेत कुंभाराचे जे अवजार येते ते चाक नाही, थापटणे आहे. जमलेल्या संतांची डोकी गोरोबांनी थापटण्याने ठोकून पाहिली आणि नामदेवांचे मडके कच्चे ठरवले, ही गोष्ट मराठी घरांत लहानपणापासून ऐकू येते. पण थापटण्याचे मूळ काम काय, हे क्वचितच कोणी सांगते. मडके पक्के भाजले की नाही हे वाजवून पाहणे हा त्याचा दुय्यम उपयोग. खरे काम ओले मडके घडवण्याचे. चाकावरून दोऱ्याने कापून उतरवलेला घडा जाड असतो आणि त्याचे बूड अजून नीट झालेलेच नसते. तो थोडा सुकला की कुंभार आतून दगडाचा किंवा भाजलेल्या मातीचा गोळा धरतो, बाहेरून लाकडी थापटण्याने ठोकत जातो, आणि जाड भिंत पातळ होत होत घड्याचे पोट फुगते, बूड गोल होऊन मिटते. चुलीवर आणि चुंबळीवर नीट बसणारे ते पातळ, गोल बूड चाकावरून उतरल्यावर असे हातानेच घडवावे लागते. ज्याला आपण बिनदिक्कत चाकावरचे मडके म्हणतो, त्याच्या आकाराचा मोठा वाटा हाताच्या ठोक्यांनी आलेला असतो. मातीकाम शिकायला निघालेल्या माणसाने हे आधी लक्षात घ्यावे, कारण आज बहुतेकांची ओढ थेट चाकाकडे असते आणि हाताने घडवणे ही चाकापर्यंत पोचण्याआधीची बालवाडी समजली जाते. माझे म्हणणे उलट आहे. माती कशी वागते हे शिकण्याची मूळ जागा हातकाम हीच आहे, आणि ती जागा घाईने ओलांडणारा पुढे बराच काळ अडखळतो.

हाताने भांडे घडवण्याच्या पद्धती मोजक्या आहेत आणि मराठी स्वयंपाकघरात वावरलेल्या हाताला त्या अनोळखी नाहीत. पहिली चिमटीची. मोसंबीएवढा गोळा तळहातावर घ्यायचा, मध्ये अंगठा खुपसायचा, आणि गोळा फिरवत फिरवत अंगठा व बोटे यांच्या चिमटीत भिंत पातळ करत वर आणायची. उकडीच्या मोदकाची पारी करताना हेच होते. पारी कडेला फाटू लागली की उकड कोरडी पडली, हे ज्या हाताला कळते त्याला मातीच्या कडेला पडणाऱ्या बारीक चिरांचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. दुसरी पद्धत वळीची. कडबोळ्यासाठी वळतो तशी मातीची लांब वळी करायची, ती बुडावर गोल बसवायची, तिच्यावर दुसरी, मग तिसरी, आणि प्रत्येक वळी खालच्या वळीत बोटाने ओढून आतून-बाहेरून मिसळायची. तिसरी लादीची: माती पोळीसारखी लाटायची, दोन्ही बाजूंना सारख्या जाडीच्या लाकडी पट्ट्या ठेवायच्या म्हणजे लाटणे त्यांच्यावरून फिरते आणि लादी सगळीकडे एकसारखी येते, मग ती कापून, उभी करून, जोडून चौकोनी डबा करायचा किंवा गुंडाळून नळकांडे. यांच्या जोडीला साच्यात दाबणे आहे आणि थापटण्याने ठोकणे आहेच. प्रत्यक्षात या पद्धती एकेकट्या फारशा राहत नाहीत. बूड लादीचे, अंग वळ्यांचे, तोटी चिमटीची, असे एकच भांडे तीन पद्धतींनी उभे राहते.

या पद्धती शिकवतात काय, हे समजायला मातीच्या आत पाहावे लागते. चिकणमातीचे कण मिलिमीटरच्या एक-दोन हजारांश भागाएवढे किंवा त्याहूनही लहान असतात, आणि वाळूसारखे गोल दाणे नसून ते चपटे, पत्र्यासारखे असतात. दोन पत्र्यांमध्ये पाण्याचा पातळ थर असतो तोवर ते एकमेकांवरून सरकतात, पण सुटून जात नाहीत. माती वाकते आणि वाकलेली राहते ती यामुळेच. पाणी उडू लागले की पत्रे जवळ येतात आणि भांडे आकसते. नुसते वाळताना साधारण ५ ते ८ टक्के, आणि उंच तापमानाला भाजून झाल्यावर एकूण १० ते १५ टक्के आकसणे ही नेहमीची गोष्ट आहे. सगळे भांडे एकाच वेगाने आकसले तर काहीच बिघडत नाही. ते फक्त लहान होते. बिघडते ते वेग वेगळे असले म्हणजे. पेल्याची कड वाऱ्याला उघडी असते, बूड पाटावर टेकलेले असते. कड आधी वाळून आकसू पाहते आणि ओले बूड तिला सोडत नाही. कान पातळ असतो, पेला जाड. कान आधी ओढला जातो आणि जोडाशी चिरतो. नव्या माणसाच्या कामात दिसणाऱ्या बहुतेक चिरा या एकाच कारणाच्या वेगवेगळ्या तऱ्हा असतात.

हे कारण चाकावर शिकणाऱ्याच्या लक्षात उशिरा येते. चाकावर पहिले कित्येक आठवडे माती मध्यावर आणण्यातच जातात. भिंत नेमकी किती जाड आहे हे फिरताना डोळ्यांना कळत नाही, आणि भांडे बसलेच तर ते इतक्या पटकन बसते की माती फार ओली होती, हात डगमगला की भिंत मुळातच पातळ झाली होती, यांतले नेमके काय चुकले हे उमगत नाही. हातकाम मातीच्या स्वतःच्या गतीने चालते. तीन-चार वळ्या चढल्या की पुढची चढवण्याआधी खालचा भाग तिचे वजन पेलेल का, हे बोटाने दाबून पाहावे लागते. पेलत नसेल तर थांबावे लागते: कड ओल्या फडक्याने झाकायची म्हणजे पुढचा जोड ओला राहील, आणि खालचे अंग वाऱ्याला उघडे ठेवायचे म्हणजे ते थोडे कडक होईल. मोठा रांजण एका बैठकीत उभा राहत नाही. भाग करत, मध्ये थांबत तो वर चढतो. ओली माती, चामड्यासारखी घट्ट झालेली माती आणि पूर्ण सुकून फिकट पडलेली माती या तीन अवस्थांत काय करता येते आणि काय येत नाही, हे त्या थांबण्यातून कळते. लादी तर आणखी एक गोष्ट दाखवते. ओली लादी निष्काळजीपणे एका टोकाला धरून उचलली आणि वाकली, तर पुन्हा सरळ करून ठेवली तरी वाळताना किंवा भट्टीत ती त्याच बाजूला वाकते. उचलताना तिच्या आतले पत्रे ज्या दिशेने ताणले गेले, ती दिशा मातीत राहून गेलेली असते. म्हणून लादी एकाच दिशेने लाटत नाहीत, ती फिरवून, उलटवून लाटतात आणि हलवताना फळीवर धरतात. ताण मातीत नोंदला जातो, हे एकदा लादीवर पाहिले की चाकावरच्या भांड्याला खालून सोडवताना हात आपोआप जपून पडतो.

जोडाचेही तसेच. चाकावर एका गोळ्यातून एक भांडे निघते. जोडण्याचा प्रश्न कान किंवा तोटी लावतानाच येतो. हातकामात मात्र पहिल्या दिवसापासून जोड आहेत. दोन्ही तुकड्यांवर ओरखडे काढायचे, त्याच मातीचा सायीसारखा दाट काला लावायचा, दाबून किंचित सरकवायचे आणि सांध्यावरून माती ओढून घ्यायची. यात खरी मेख अशी की दोन्ही तुकडे सारख्याच ओलीचे हवेत. अर्धवट सुकलेल्या डब्याला ताजा ओला कान लावला तर जोड कितीही छान दिसला तरी कान अजून आकसायचा असतो आणि डब्याचे बरेचसे आकसणे होऊन गेलेले असते.

इथे एका रूढ समजुतीचा समाचार घेतला पाहिजे, कारण हातकामाविषयीची भीती बरीचशी तिच्यातून येते. हाताने केलेल्या भांड्यात हवेचे बुडबुडे राहतात आणि ते भट्टीत फुटतात, असे शिकवणारेही सांगतात. पण बुडबुडा भांडे फोडत नाही; फोडणारी असते ती ओल. जाड भागात अडकलेले पाणी १०० अंशांना उकळले की वाफेला पाण्याच्या सुमारे १,६०० पट जागा लागते, आणि तेवढी वाफ बारीक छिद्रांतून वेळेत बाहेर पडली नाही की ती भिंत उडवते. याचा पुरावा आपल्या माठातच आहे. महाराष्ट्रातले कुंभार मातीत राख आणि घोड्याची लीद मिसळतात. लिदीतले काडीकसपट भाजताना जळून जाते आणि त्याच्या जागी असंख्य बारीक पोकळ्या उरतात. याच सच्छिद्र अंगातून माठ पाझरतो आणि पाणी गार करतो. पोकळीनेच भांडे फुटत असते तर एकही माठ आव्यातून धड बाहेर आला नसता. मळताना हवा काढणे अर्थातच हिताचे आहे, कारण बुडबुडा भिंत कमजोर करतो; पण भांडे वाचते ते सारख्या जाडीमुळे, पूर्ण वाळल्यामुळे आणि सुरुवातीची आच मंद ठेवल्यामुळे. पुढे ४५० ते ६०० अंशांच्या दरम्यान मातीच्या रचनेतच बांधलेले पाणी निघून जाते, आणि ५७३ अंशांवर तिच्यातल्या गारेच्या कणांचा आकार एकाएकी बदलतो. मोठ्या, जाड हातकामाला म्हणूनच मातीत भाजलेल्या खापराचा चुरा मिसळतात. चुरा एकदा आकसून झालेला असल्याने पुन्हा आकसत नाही, आणि वाफेला वाट देतो.

आता आक्षेपांकडे येऊ. पहिला आक्षेप इतिहासाच्या नावाने घेतला जातो: माणूस आधी हाताने भांडी करत होता, मग चाक सापडले आणि हातकाम मागे पडले, मग आज मागच्या पायरीवर कशाला रेंगाळायचे? यातला पहिला भाग खरा आहे. चीनच्या जियांगशी प्रांतातल्या शिआनरेनदोंग गुहेत सापडलेली खापरे सुमारे २०,००० वर्षांपूर्वीची आहेत, तर वेगाने फिरणारे कुंभाराचे चाक गेल्या सहा हजार वर्षांतले. आपल्या उपखंडात बलुचिस्तानातल्या मेहरगढ इथली सर्वांत जुनी भांडी मातीच्या लहान लहान पट्ट्या एकमेकींना जोडून केलेली आहेत. पण चाक आले म्हणून हातकाम गेले, हे पुरावा सांगत नाही. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठच्या इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८ पासून केलेल्या उत्खननात जोर्वे संस्कृतीची चाकावर केलेली, लाल अंगावर काळी नक्षी असलेली देखणी भांडी मोठ्या संख्येने मिळाली. त्याच लोकांनी मेलेली मुले घराच्या जमिनीखाली दोन कुंभ तोंडाला तोंड लावून त्यांत पुरली, आणि एका पाच खोल्यांच्या घराच्या अंगणात चार पायांच्या मोठ्या मातीच्या रांजणात एका प्रौढ माणसाला ठेवले. चार पाय असलेला रांजण चाकावर निघत नाही. चाक हाताशी असताना त्या घडणाऱ्याने हात निवडला, कारण त्याला हवा असलेला आकार चाकाच्या कक्षेत नव्हता. चीनच्या पहिल्या सम्राटाच्या थडग्याजवळची मातीची सेना १९७४ मध्ये उजेडात आली. त्या हजारो सैनिकांची पोकळ धडे वळ्यांवर वळ्या चढवून उभारलेली आहेत. तमिळनाडूच्या गावांबाहेर अय्यनार देवाला वाहिलेले माणसापेक्षा उंच घोडे हातानेच चढतात, आणि राजस्थानात मोलेलाच्या देवतांच्या फलकांना तर चाकाचा काही उपयोगच नाही.

सर्वांत बोलके उदाहरण जपानचे आहे. सोळाव्या शतकात क्योतोमध्ये चाक शतकानुशतके रुळलेले होते. त्या काळात चहाविधीचा आचार्य सेन नो रिक्यू याच्यासाठी चोजिरो या कारागिराने जे चहाचे वाडगे केले, ते चाकाला हात न लावता, चिमटीने आणि तळहातांनी घडवून मग कोरून केले. राकू या नावाने ती परंपरा त्याच घराण्यात आजही चालू आहे. ज्या समाजाला चाकाची पूर्ण ओळख होती त्याने आपल्या सर्वांत प्रतिष्ठेच्या भांड्यासाठी ओंजळीचा आकार पसंत केला. यानंतर हातकामाला प्राथमिक अवस्था म्हणणे टिकत नाही.

दुसरा आक्षेप सफाईचा. हाताचे काम वेडेवाकडे, चाकाचे काटेकोर, असे म्हणतात. ज्यांनी चीनमधल्या यीशिंगच्या चहादाण्या पाहिल्या आहेत ते असे म्हणणार नाहीत. मिंग काळापासून त्या जांभळट मातीच्या लाद्या ठोकून, गोल वळवून, फळीने थापटून केल्या जातात, आणि त्यांचे झाकण इतके नेमके बसते की झाकणावरचे छिद्र बोटाने बंद केले तर तोटीतून पडणारी धार थांबते. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोच्या सान इल्देफोन्सो वस्तीत मारिया मार्टिनेझ यांनी वळ्यांनी उभारलेली, गुळगुळीत दगडाने घासून आरशासारखी केलेली काळी भांडी आज संग्रहालयांत आहेत; कोलंबसापूर्वीच्या दोन्ही अमेरिका खंडांत तर कुंभाराचे चाक नव्हतेच. नायजेरियाच्या लादी क्वाली भांड्याभोवती स्वतः फिरत वळ्या चढवत. त्या गोलाईवर बोट ठेवायला जागा मिळत नाही. मायकेल कार्ड्यू या इंग्रज कुंभाराने अबुजात काढलेल्या प्रशिक्षण केंद्रात त्या १९५४ मध्ये आल्या, तिथे चाकही शिकल्या, आणि तरीही ज्या भांड्यांसाठी जग त्यांना ओळखते ती त्यांची हाताची आहेत. नायजेरियाच्या २० नायराच्या नोटेवर मागच्या बाजूला त्यांचे चित्र आहे. आपल्याकडे मणिपूरच्या आंद्रो गावात बायका अशाच भांड्याभोवती फिरून काम करतात, आणि उखरूल जिल्ह्यातल्या लोंगपीची काळी भांडी दगडाची पूड मळून, चाकाशिवाय घडतात आणि थेट चुलीवर चढतात.

बायकांचा उल्लेख ओघात आला, पण तो ओघातला नाही. भारतातल्या बहुतेक कुंभार परंपरांत चाकाला बाईने हात लावायचा नाही असा दंडक होता. माती मळणे, थापटणे, घोटणे, रंगवणे, खेळणी करणे ही कामे तिची, चाक मात्र पुरुषाचे. आणि चाकाला मान देताना आपण नकळत त्या दंडकालाही मान देत आलो. कुंभारवाड्याबाहेरही तेच. खेड्यातल्या घरोघरच्या बायका चिकणमातीत भुसा मिसळून चूल आणि तिचा वैल स्वतः घालत. चुलीची जाडी किती, तोंड केवढे, धूर कुठून जाईल, रोजच्या आचेने ती चिरू नये म्हणून भुसा किती घालायचा, हे सगळे ज्ञान हाताने घडवण्याचे होते. त्याला कुणी कला म्हटले नाही, कारण ते चाकावर फिरले नाही. मला ही मोठी उपेक्षा वाटते, आणि हातकामाला खालची पायरी मानण्याचे मूळ बरेचसे इथे आहे असे माझे मत आहे.

तिसरा आक्षेप मात्र वजनदार आहे आणि तो मान्य केला पाहिजे. चाक वेगवान आहे. सराईत कुंभार पणत्यांचा ढीग लावतो त्या वेळात हाताने एखादे भांडे होते. ज्याला पोटासाठी एकसारखे शंभर पेले करायचे आहेत त्याने चाकच शिकावे. शिवाय माती मध्यावर आणणे, दोन्ही हात स्थिर ठेवून एका श्वासात भिंत वर ओढणे, हे कसब कितीही वळ्या वळल्या तरी येत नाही. ते चाकावरच येते. हातकाम चाकाची जागा घेते असा माझा दावा नाही. बांकुड्याच्या पांचमुडा गावचा प्रसिद्ध घोडा पाहा: त्याची मान, धड, पाय चाकावर वेगवेगळे काढतात आणि मग हाताने जोडतात. दोन्ही विद्या एकाच अंगात असल्या की असे काम होते. पण शिकणाऱ्याची गरज शंभर पेल्यांची नसते. सुरुवातीच्या महिन्यांत त्याला चूक दिसणे आणि चुकीचे कारण कळणे हवे असते, आणि हाताची मंद गती त्याला नेमके तेच देते. शहरांतल्या दोन तासांच्या वर्गांत नवख्याला चाकावर बसवून, शिक्षकाने स्वतःच अर्धे भांडे काढून हातात देण्याची जी पद्धत पडली आहे ती मला साफ चुकीची वाटते. घरी न्यायला वस्तू मिळते, माती कळत नाही. हवेवर वाळणाऱ्या तयार मातीचेही तसेच. ती भाजण्याला बगल देते, म्हणून खेळायला ठीक आहे, शिकायला नाही.

शिकायचे असेल तर जवळच्या कुंभाराकडून किंवा मातीकामाच्या दुकानातून पाच किलो भाजण्याची माती आणा. सुरुवात चिमटीच्या दहा वाट्यांनी करा, प्रत्येक मोसंबीएवढ्या गोळ्याची, भिंत साधारण ६ मिलिमीटर ठेवण्याचा प्रयत्न करत. मग त्यांतल्या नऊ वाट्या ओल्या असतानाच सुरीने उभ्या कापा आणि कापलेली बाजू पाहा. बुडाशी माती साठलेली दिसेल, कड पातळ झालेली दिसेल, अंगठा कुठे जास्त दाबतो ते दिसेल. नवव्या वाटीपर्यंत हा फरक कमी झालेला असेल. दहावी वाटी प्लास्टिकखाली झाकून दोन-तीन दिवस हळू वाळू द्या, मग उघडी ठेवा, आणि पूर्ण सुकली की जवळच्या आव्यात किंवा भट्टीत भाजायला द्या. कापलेल्या नऊ वाट्यांची माती पाण्यात भिजत टाका. न भाजलेली माती वाया जात नाही. ती पुन्हा मळता येते, आणि पुढच्या आठवड्यात तिच्याच वळ्या करा.